पॅनेलला फेव्हिकॉल लावायचा नाही



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ९ (काही प्रतींत हाच श्लोक दहावा आहे).

ज्ञान कशाला म्हणावं, याची यादी भगवंत अर्जुनाला सांगत आहेत. त्यात हा श्लोक येतो. मुलं, जोडीदार, घर यांना चिकटून राहू नये, आणि मनासारखं घडो वा मनाविरुद्ध, चित्त सम ठेवावं. हा श्लोक वाचला की आपल्यातले बरेच जण अडखळतात. मग काय, प्रेमच करायचं नाही? आईवडील, पार्टनर, मुलं, सगळ्यांपासून लांब राहायचं?

याचं उत्तर मला भिवंडीत एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं. आमच्या ओळखीचे एक काका यंत्रमागाच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आता हौसेने सुतारकाम करतात. सध्या त्यांनी सागवानी कपाटाची दारं करायला घेतली आहेत, मधलं पॅनेल उठलेलं असतं तशी, जुन्या पद्धतीची.

आपल्या फ्लॅटमधली कपाटं बहुतेक प्लायवूडची. प्लाय फारसा हलत नाही. अस्सल लाकूड मात्र हलतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन ते रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ बदलत नाही. फूटभर रुंदीचं सागवानी पॅनेलसुद्धा वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतं. भिवंडीचा जून ते सप्टेंबर कसा असतो, हे वेगळं सांगायला नको. काका म्हणतात, "ज्या ओलाव्याने मागावरचं सूत कमी तुटतं, त्याच ओलाव्याने दार अडकतं."

म्हणून दार असं करतात. दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्यांची चौकट करायची. तिचे सांधे घट्ट बसवायचे, फेव्हिकॉल लावून क्लॅम्पमध्ये आवळायचे, गुण्याने काटकोन तपासायचा. पट्ट्यांच्या आतल्या कडेला खाच पाडायची. पॅनेलच्या चारही कडांना उतार देऊन त्या पातळ करायच्या आणि खाचेत सरकवायच्या. दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडायची. आणि पॅनेलच्या कडांना फेव्हिकॉलचा थेंबही लावायचा नाही.

कडा चिकटवल्या तर? पहिल्या पावसाळ्यात फुगलेलं पॅनेल चौकटीचे सांधे उघडतं. किंवा उन्हाळ्यात आकसताना मधोमध तडकतं.

आता श्लोकाकडे या. चौकट म्हणजे आपलं कर्तव्य. आजारपणात धावून जाणं, घरखर्च उचलणं, दिलेला शब्द पाळणं. ते सांधे पक्केच हवेत. भगवंत ते सैल करा असं म्हणत नाहीत. ते कडांबद्दल बोलतात. आपलं माणूस त्याच्या ऋतूप्रमाणे बदलणार, त्याला हलायला जागा हवी. अनभिष्वंग म्हणजे हेच: समोरच्याच्या प्रत्येक चढउतारात स्वतःला चिकटवून न टाकणं. पण जागा मोजून सोडायची बरं का! फार सोडली तर पॅनेल खडखडतं. "मी कोणात अडकत नाही" म्हणून महिनोन्‌महिने घरी फोन न करणं हे वैराग्य नाही, ती खडखड आहे.

काकांची लेक नोकरीला बेंगळुरूला गेली. काका दिवसातून पाच वेळा फोन करायचे. कुठे आहेस, जेवलीस का, कधी येतेस? हळूहळू तिने फोन उचलणं कमी केलं. लाकडातला तडा कुठून आला, हे काकांना एका नजरेत कळतं. घरातला कळायला वेळ लागला. आता ते रात्री हरिपाठ झाल्यावर एकदाच फोन करतात आणि "कधी येतेस" विचारत नाहीत. लेक अजूनही स्वतःहून रोज फोन करत नाही. पण उचलते.

शेवटची एक गोष्ट. मोकळं पॅनेल एका बाजूला सरकत जाऊ नये म्हणून वरच्या आणि खालच्या पट्टीत, बरोबर मध्यावर, एकेक बारीक खिळा मारतात. मग ते दोन्हीकडे सारखंच फुगतं, सारखंच आकसतं, आणि मध्य सोडत नाही. गीतेतला पुढचाच श्लोक पाहा. चिकटू नका असं सांगून झाल्याबरोबर भगवंत म्हणतात, माझ्या ठायी भक्ती मात्र अढळ असू दे. कडा मोकळ्या राहू शकतात त्या मध्य पक्का आहे म्हणून. तो मध्य देवाकडे नसला, की आपण माणसांच्या कडा चिकटवायला धावतो.

आजचा संकल्प: ज्या एका माणसाला आपण फार घट्ट धरलं आहे, त्याचं नाव नामस्मरणाच्या वेळी आठवा आणि त्याला देवाच्या हाती सोपवा. मग त्याच्यासाठीचं आजचं एक काम मनापासून करा, आणि त्याने काय उत्तर द्यावं ते त्याच्यावर सोडा.

राम कृष्ण हरी 🙏