एक जूनवाले

आमच्या अण्णांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून. खरी श्रावणातली, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. शाळेत नाव घालताना आजीला तिथी सांगता आली, तारीख नाही, आणि मास्तरांनी आपल्या सोयीने १ जून ठोकून दिली. त्या पिढीतले असे एक जूनवाले महाराष्ट्रात गावोगाव सापडतात, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नाही. अण्णांना वाटलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. वाईत संस्कृत शिकवणाऱ्या या माणसाला त्या दाखल्याच्या जोरावर ३१ मे रोजी निरोपाचा नारळ मिळाला. "माझे अडीच महिने मास्तरांनी खाल्ले," असं ते पुढे कितीतरी वर्षं म्हणत.

दुसरा १ जून मला पेनसिल्वेनियात भेटला. माझा लेक इथे एका ज्युनियर ड्रम कोअरमध्ये होता. स्पेलिंगच्या शेवटी पी आणि एस आहेत, ते उच्चारायचे नाहीत. मी वर्षभर 'कॉर्प्स' म्हणत राहिले आणि तो मान खाली घालून म्हणायचा, "आई, तू म्हणतेस त्याचा अर्थ प्रेत." आपलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणलंत तर निम्मं कळेल. उरलेलं निम्मं असं: पितळी वाद्यं, ड्रम, निशाणं फिरवणारी मुलं-मुली, मिळून दीडशेच्या घरात माणसं, फुटबॉलचं मैदान आणि दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम. तो उन्हाळाभर बसने गावोगाव फिरून, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपून, रोज घासूनपुसून पुन्हा करायचा. शेवटी परीक्षकांचे गुण, शंभरापैकी, दशांशासकट.

प्रत्येकाच्या कमरेला एक चिमुकली वही लटकते, तिला डॉट बुक म्हणतात. लेकाची मी धुण्यात दोनदा भिजवली आहे, म्हणून मला तिचं पान अन् पान माहीत आहे. गाण्याच्या कुठल्या ठोक्याला आपण मैदानात नेमके कुठे, एवढंच तिच्यात असतं. अमुक रेषेच्या आत दोन पावलं, तमुक खुणेच्या मागे सहा. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं, ना जास्त ना कमी. अशी सत्तर-ऐंशी पानं. त्या ठिपक्यावर तुम्ही नसाल तर मैदानात भोक पडतं. शब्दही तोच, 'होल'.

मी स्वयंपाकाच्या ट्रकवर जायचे. आईबापांनी आळीपाळीने आठवडाभर जायचं असतं. ॲलनटाउनच्या जे. बर्नी क्रम स्टेडियमवर दर उन्हाळ्यात दोन रात्री मोठा सामना होतो, तो आमच्या घराजवळचा, म्हणून तो आठवडा माझा. पहाटे साडेचारला बटाटे सोलायला बसायचं. दिवसातून चार जेवणं, चौथं मध्यरात्रीच्या सुमाराला. मुलं रांगेत येत, उन्हाने नाकाची सालं निघालेली, आणि ताटात काय पडतंय ते न बघता खात. मला तेव्हा फार बरं वाटायचं. गुरुगृही राहून कष्ट उपसणारे ब्रह्मचारी ते हेच, असं मी ट्रकमध्ये कांदा चिरताना मनाशी ठरवून टाकलं होतं. ब्रह्मचाऱ्यांच्या पालकांना शुल्क भरावं लागत नसे, एवढा एक फरक सोडून.

आता तो १ जून. त्या तारखेआधी बावीस पूर्ण झालेला मुलगा त्या हंगामात उतरू शकत नाही. याला 'एज आउट' म्हणतात. आपल्याकडे मुंजीनंतर सोडमुंज असते तशी ही सोडमुंज, फक्त तिचा मुहूर्त कॅलेंडर काढतं. लेकाच्या शेजारच्या ठिपक्यावर एक ट्रम्पेटवाला मुलगा होता, जन्म २८ मे १९९७. माझ्या लेकाचा ४ जून १९९७. मित्राचा शेवटचा हंगाम २०१८, लेकाचा २०१९. आठवडाभर उशिरा जन्माला आल्याबद्दल माझ्या लेकाला एक अख्खा उन्हाळा बक्षीस मिळाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये तोही संपला. ती बावीस वर्षांची मुलं ज्या तऱ्हेने रडत होती ते बघून मला आधी लाज वाटली, मग भीती. घरी आल्यावर त्याने बूट गॅरेजमध्ये ठेवले आणि सप्टेंबरभर तो कोणाशी धड बोलला नाही.

आमच्या रस्त्यावर टपाल वाटणारे गृहस्थ होते, तेव्हा बासष्टचे. तेही पोरवयात अशाच एका कोअरमध्ये होते आणि १९७९ मध्ये वयाने बाहेर पडले. मग लग्न, मुलं, घराचे हप्ते. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पुन्हा बॅरिटोन हातात घेतला, पण 'ऑल-एज' कोअरमध्ये. तिथे वयाला वरची मर्यादाच नाही. सोळा वर्षांची पोर आणि तिच्या आजोबांच्या वयाचा माणूस एका रांगेत चालतात. याचं मूळ जुनं आहे. महायुद्धांवरून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी ही पथकं उभी केली, मोठ्यांसाठी सीनियर आणि पोरांसाठी ज्युनियर. न्यू जर्सीचे हॉथोर्न कॅबलेरोज १९४६ पासूनचे. आमच्या पेनसिल्वेनियाच्या रेडिंग बकनियर्सनी १९६५ मध्ये सीनियरांच्या स्वतःच्या संस्थेचं पहिलं अजिंक्यपद जिंकलं. ज्युनियरांची आजची संस्था त्यानंतरची. तिची पहिली स्पर्धा १९७२ ची, विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरची. सीनियर हे नाव पुढे मागे पडलं आणि ऑल-एज आलं.

त्यांचा सराव शनिवार-रविवारी. सोमवारी सगळे कामावर. टपालवाल्यांच्या आग्रहावरून मी एकदा त्यांचा सामना बघायला गेले आणि खरं सांगायचं तर मला ते केविलवाणं वाटलं. पोटावर ताणलेला गणवेश, गुडघ्याला पट्टा, वळताना अर्धं पाऊल मागे. ज्युनियरांत जे तप दिसलं होतं ते इथे नव्हतं. मोह, दुसरं काय, असा निकाल मी परतीच्या वाटेवर गाडीतच देऊन टाकला.

तो निकाल मी अण्णांना फोनवर ऐकवला. आधी मुलांच्या नियमाबद्दल सांगितलं. "१ जून?" असं विचारून अण्णा इतके हसले की त्यांना खोकला लागला. "म्हणजे आमचे मास्तर तिकडेही पोचले."

मग ते गंभीर झाले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थांची व्याख्यानं ऐकत वाढलेला माणूस, त्याला असा विषय मिळाला की फोनचं बिल कोण भरतंय याचं भान राहत नसे. म्हणाले, "मनूनेसुद्धा त्या श्लोकात आकडा घातलेला नाही. अंगाला सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवंड झालं, की वनात जा म्हणाला. खुणा सांगितल्या, तारीख नाही. आणि जाबालोपनिषद तर खुणाही मागत नाही. ज्या दिवशी मन विटेल त्या दिवशी ऊठ आणि चालू लाग. तुझ्या त्या पोरांचं मन विटलं होतं का?"

"रडत होती, अण्णा."

"मग ते कसलं सोडणं? ती सुटका नव्हे, बदली आहे."

मी म्हटलं, तरी त्या टपालवाल्यांपेक्षा बरं. त्यांना तर सोडवतच नाही. त्यावर अण्णांनी गीतेचा अठरावा अध्याय काढला. तिथे त्यागाचे तीन प्रकार आहेत. नेमलेलं काम मोहाने टाकलं तर तो तामस त्याग. शरीराला त्रास होईल म्हणून टाकलं तर राजस, आणि त्याचं फळ पदरात पडत नाही. काम करत राहून आसक्ती आणि फळ सोडलं तर सात्त्विक. "आता बघ," अण्णा म्हणाले, "तुझे ते गृहस्थ गुडघा दुखतो म्हणून उद्या बाहेर पडले तर गीतेच्या हिशेबाने ते राजसात जातील. न सोडता वाजवत राहिले तर निदान तिसऱ्याची आशा आहे."

मी अडवलं. फळ कुठे सोडलंय? दर सामन्याचे गुण त्यांना दशांशासकट पाठ असतात.

"मग आशा कमी आहे," अण्णा म्हणाले.

मला राग आला होता, कारण ते स्वतः निवृत्तीनंतर ओट्यावर फुकट शिकवण्या घेत होते, डोळे जाईपर्यंत, ऐंशीपर्यंत. मी विचारलं, तुमचं काय? तुम्ही तरी कुठे सोडलंत? ते म्हणाले, "मी शिकवणं सोडलं नाही, पगार सोडला." मी म्हटलं, पेन्शन चालू होतं की. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आईला फोन देतो."

ज्युनियरांच्या नियमाची एक बाजू मला आजही पटते. जागा मोजक्या असतात. बावीसवाला हलला नाही तर पंधरावाल्याने कुठे उभं राहायचं? पण ही सोय झाली. तिला मी तप समजत होते आणि तिच्यातून वैराग्य आपोआप निघेल, असं धरून चालले होते. २८ मेवाला मुलगा २०१९ च्या उन्हाळ्यात सरळ टपालवाल्यांच्याच कोअरमध्ये गेला. आधी त्याची कुरकुर चालली होती. इथे लोक सरावाला येत नाहीत, नर्सला पाळी असते, कोणाच्या लेकीचं बाळंतपण निघतं, दर रविवारी रांगेत भोकं. भोक दिसलं की आपण सरकून ते बुजवायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. तिथे त्याला शिकवलं ते उलटं. सरकायचं नाही. शेजारी कोणी नाही, तरी तो आहे असं धरून त्याच्यापासून आपलं अंतर राखायचं. पुढच्या रविवारी तो येईल तेव्हा त्याला त्याची जागा जिथल्या तिथे मिळाली पाहिजे. मला हे ऐकून दुपारी तीनपर्यंत ताट झाकून ठेवणारी आमची आई आठवली. गृहस्थाश्रमाला बाकीच्या आश्रमांचा आधार का म्हणतात, ते अण्णांनी मला अनेकदा समजावलं होतं. कळलं ते या पोराच्या कुरकुरीतून.

अण्णा गेले. मृत्यूच्या दाखल्यासाठी भावाने त्यांची कागदपत्रं काढली, सगळ्यांवर १ जून. आम्ही दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. वर्षश्राद्ध मात्र तिथीने होतं.

२०२४ पासून ऑल-एजवाले ज्युनियरांच्याच संस्थेखाली खेळतात. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीत होणारी त्यांची अंतिम स्पर्धा आता ऑगस्टात आली. टपालवाले तोवर निवृत्त झाले होते, सदुसष्टचे होते, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी गुडघा बदलून घेतला. सराव कसा चाललाय ते बघून ये, म्हणून त्यांनी मला पाठवलं. लेक घरी आला होता, तोही बरोबर आला. शाळेचं पार्किंग, डांबरावर खडूच्या रेषा, दुपारचं ऊन. बॅरिटोनची रांग आमच्या समोरून वळली. मधे दोन पावलांचं अंतर होतं, तिथे कोणी नव्हतं, आणि रांग वळताना ते अंतरही वळलं.

लेक गाडीला टेकून बघत होता. म्हणाला, "आमच्याकडे दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आत नवा माणूस उभा केला असता."

त्याला काय बरं वाटत होतं ते त्याच्या आवाजावरून मला ओळखता येईना. तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथून हलला नाही.