दुसरं द्यूत

न्यू जर्सीतल्या एडिसनला मामांकडे राहून नोकरी करणाऱ्या भाच्याने एका मोठ्या ऑनलाइन पोकर मालिकेत उतरायचं ठरवलं. भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा 2025 मध्ये झाला; न्यू जर्सीत मात्र 2013 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला ऑनलाइन पोकर खुला आहे. मामींचं तोंड फुगलं. त्यांची समजूत काढायला भाच्याने ख्रिस मनीमेकरची गोष्ट ऐकवली. टेनेसीचा हा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून जागा मिळवून 2003 मध्ये लास वेगासला गेला आणि जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा मारून 25 लाख डॉलर घेऊन आला.

"बसले होते किती जण?" मामांनी विचारलं. त्यांचा जन्म लोकांचे हिशेब तपासण्यात गेला होता.

"839."

"पैसे किती जणांना मिळाले?"

"63."

"म्हणजे 776 जण हात हलवत घरी गेले. खेळ, माझी ना नाही. पण किती घालवायचे ते आधी कागदावर लिही."

भाच्याने लिहिलं, '215 डॉलर, एकदाच.' खाली सही ठोकली. मामांनी कागद फ्रिजवर चिकटवला.

रविवारी संध्याकाळी खेळ सुरू झाला. पोरगा नेटाने खेळत होता. फालतू पानं आली की टाकून देत होता, कुणी डिवचलं तरी चिडत नव्हता. दोन तासांनी हातात दोन एक्के आले. समोरच्याने होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स लावल्या, यानेही लावल्या. पानं उघडली, तर समोर दोन राजे. अशा डावात एक्केवाला पाचातून चारदा तरी जिंकतो. टेबलावरची चार पानं बिनकामाची गेली. पाचवं उलटलं आणि राजा निघाला.

स्क्रीनवर लगेच चौकट उघडली: पुन्हा प्रवेश, 215 डॉलर. खाली सेकंद उतरू लागले.

भाच्याचा हात माऊसवर गेला. मामा मागेच उभे होते.

"एकदाच लिहिलंयस."

"मामा, चुकलो असतो तर मुकाट्याने उठलो असतो. मी बरोबर खेळलो. तो डाव माझा होता."

"अरे, चुकलेला उठतो. बरोबर असून हरलेल्यालाच उठवत नाही. धर्मराजाचं काय झालं? पहिल्या द्यूतात राज्य गेलं, भाऊ गेले, द्रौपदी पणाला लागली. धृतराष्ट्राने सगळं परत दिलं. मंडळी इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागली होती. मागून बोलावणं आलं आणि हा फिरला. वनवास त्या दुसऱ्या द्यूताने लागला."

"तिथे शकुनी होता. इथे कुणी कपट केलेलं नाही."

"नाहीच केलं. पण या 215 मधले बक्षिसात जातात किती?"

"200. वरचे 15 साइटची फी."

"तू जिंक नाहीतर हर, त्यांचे 15 सुटत नाहीत. परत बसलास की परत 15. आता सांग, ही चौकट इतक्या घाईने का उघडते?"

भाचा गप्प झाला. सेकंद संपले, चौकट मिटली.

जेवताना तो एकदम म्हणाला, "शेवटच्या पानावर राजा, मामा! शेवटच्या!"

"आलाच की. तू काही वाईट खेळला नाहीस. पुढच्या महिन्यात बस पुन्हा, पण नवा कागद लिहून."

"तोही फ्रिजवर लावणार?"

"लावणार. आणि तुझ्या मामींची सहीही घेणार."

तात्पर्य: हरलेलं तिथल्या तिथे परत मिळवायला जो बसतो, तो पहिल्यापेक्षा जास्त हरून उठतो.