संभाषणाचें दान

परदेशांतून शिकावयास आलेल्या मुलांस इंग्रजी बोलण्याचा सराव द्यावा, त्याचा मोबदला घेऊं नये, व त्यासाठीं आठवड्यांतून एखादा तास राखून ठेवावा, ही कल्पना कोणासही सत्कृत्याची वाटेल. आम्हांसही ती तशीच वाटली. विद्यादान हें श्रेष्ठ दान, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. शिवाय या दानांत पदरचें कांहींच जात नाहीं. जातो तो वेळ, आणि प्राध्यापकाच्या वेळाची किंमत त्याच्या घरीं कोणी फारशी करीत नाहीं. तेव्हां अंगास तोशीस न लागतां मिळणाऱ्या या पुण्याचा आम्हांस मोह पडला यांत नवल नाहीं. प्रश्न उपस्थित झाला तो मागाहून. तो असा कीं, एखाद्याशीं केवळ त्याच्या सरावाकरितां बोलणें हें नीतीच्या दृष्टीनें कितपत शुद्ध आहे?

सुदानांतून महाराष्ट्रांत येणारे विद्यार्थी बहुधा पुणें गांठतात. कोल्हापुरास येणारे थोडे. त्यांतला एक दर रविवारीं सकाळीं शाहूपुरींतील आमच्या घरीं येऊं लागला. वय बावीस-तेवीस, वाचन चांगलें, लेखन बेताचें, परंतु बोलावयाचें म्हटलें कीं ओंठ मिटलेले. सौभाग्यवती चहा-पोहे आणून ठेवीत आणि आम्ही प्रश्न विचारीत असूं: घरीं कोण कोण असतें, वडील काय करितात, सणावारीं काय रांधतात. त्याच्या वडिलांविषयीं आम्हांस जिज्ञासा होती असें मुळींच नाहीं. आमचें सारें लक्ष क्रियापदावर.

एके दिवशीं त्यास घराचें वर्णन करावयास सांगितलें. तो म्हणाला, ‘माय हाउस वॉज इन ओमदुर्मान.’ आम्हीं तत्परतेनें सुधारणा केली, ‘वॉज नव्हे, इज.’ त्यानें पुन्हां ‘वॉज’च म्हटलें. आम्हीं पुन्हां सुधारलें, आणि वर वर्तमानकाळ व भूतकाळ यांच्या भेदावर पांच मिनिटें प्रवचन केलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि शेवटीं, आम्हांस बरें वाटावें म्हणून, ‘इज’ म्हणून टाकलें. १५ एप्रिल २०२३ रोजीं सुदानचें सैन्य आणि तेथील निमलष्करी दल यांच्यांत युद्ध पेटलें, आणि खार्टूम व नाईलपलीकडचें ओमदुर्मान हीं जोडशहरें रणभूमि झालीं, हें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. पण समोर बसलेल्या मुलाशीं त्याचा संबंध जोडला नव्हता. त्याचें घर पडलें होतें. आईबाप इजिप्तांत गेले होते. ही हकीकत त्यानें आम्हांस सांगितलीच नाहीं. तीन आठवड्यांनीं सौभाग्यवतींस सांगितली, आणि तीही निम्मी मोडक्या मराठींत. व्याकरणाच्या नांवाखालीं आम्हीं त्याच्याकडून खोटें वदविलें होतें.

याहून शरमेची गोष्ट पुढेंच आहे. अरबी भाषेंत वर्तमानकाळीं ‘आहे’ या अर्थाचें क्रियापद लागत नाहीं. ‘माझें घर ओमदुर्मानांत’ एवढें म्हटलें कीं वाक्य पुरें झालें. भूतकाळासाठीं मात्र निराळा शब्द घालावा लागतो. म्हणजे अरबी बोलणाऱ्या मुलाची चूक व्हावयाची ती ‘इज’ गाळण्याची. नसता ‘वॉज’ घालण्याची नव्हे. हें आम्हांस पुस्तकांवरून ठाऊक होतें. त्या शब्दापाशीं थांबून ‘कां?’ म्हणून विचारावयाचें, तों आम्ही लाल शाई उघडून बसलों!

यावर कोणी म्हणेल कीं, भाषेचा प्रत्येक शिक्षक असेच लटके प्रश्न विचारतो. ‘तुझें नांव काय?’ असें वर्गांत विचारतांना त्याला नांव कोठें जाणावयाचें असतें? खरें आहे. पण वर्गांत हा खेळ आहे हें उभयतांस ठाऊक असतें. घरीं बोलावून, चहाचा कप हातीं देऊन, ‘आई कशी आहे?’ असें विचारलें म्हणजे समोरचा त्यास कळकळ समजतो, आणि त्यानें तसें समजणें योग्यच आहे. उत्तर ऐकावयाचें नसेल तर तो प्रश्न म्हणजे खोटें नाणें. आणि परमुलखांत एकटा पडलेला माणूस नाणें वाजवून घेण्याच्या स्थितींत नसतो. पैसे न घेतल्यानें हा दोष कमी होत नाहीं, उलट वाढतो. पगारी शिक्षकास ‘आपलें चुकलें’ असें तो सांगूं शकेल. फुकट शिकविणाऱ्यास सांगण्याची त्याला चोरी.

आमच्याच जिल्ह्यांतील गडहिंग्लजचे डॉ. शां. ब. मुजुमदार पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे रेक्टर असतांना, एक मुलगी खिडकींतून आंत कांहीं देत आहे असें त्यांच्या दृष्टीस पडलें. वसतिगृहाच्या प्रमुखास अशा वेळीं जो संशय यावयाचा तोच त्यांस आला. पण त्यांनीं चौकशी केली. आंत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीनें आजारी होता, आणि ती त्याला जेवण आणून देत होती. १९७१ सालीं ‘सिंबायोसिस’ ही संस्था निघाली, तिचें मूळ या प्रसंगांत आहे असें त्यांनीं अनेकदां सांगितलें आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठीं इंग्रजीचे वर्ग वगैरे सर्व मागाहून आलें; आधीं आला तो, उत्तर ऐकण्यासाठीं विचारलेला एक प्रश्न.

तसें पाहतां कोल्हापूरकरांस बेघर परकी माणसें नवीं नाहींत. १९४३ ते १९४८ या काळांत वळिवड्याच्या छावणींत सुमारें ५००० पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलें. रशियांतील हद्दपारी भोगून इराणमार्गें आलेल्या त्या मुलांच्याही तोंडीं घराविषयीं ‘होतें’ हेंच क्रियापद असणार. महावीर उद्यानांतील त्यांच्या स्मारकावरून आम्ही कितीदां फिरावयास गेलों, याचा हिशेब नाहीं.

रविवारचा तास आम्हीं बंद केला नाहीं. ज्याचें उत्तर आपणांस खरोखर हवें तेवढेंच विचारावयाचें, असें फक्त ठरविलें. पहिले दोन रविवार फार जड गेले, कारण आम्हांस फारसें कांहीं जाणून घ्यावयाचें नाहीं असें आढळून आलें. तिसऱ्या रविवारीं डिंकाचे लाडू समोर आले, आणि डिंकाचें नांव निघतांच मुलगा सावरून बसला. त्याचे आजोबा कोर्दोफानचे. बाभळीच्या जातीचा जो डिंक जगभर जातो तो मुख्यतः सुदानचा, आणि त्याची मोठी पेठ एल-ओबेद तिकडेच. पाऊस सरल्यावर झाडाची साल चिरतात, कांहीं आठवड्यांनीं डिंकाचे खडे धरतात, ते हातांनीं वेंचून काढतात, हें सारें तो अर्धा तास सांगत होता. व्याकरण किती वेळां मोडलें तें आठवत नाहीं. मग त्यानें विचारलें: शाहूपुरी ही शाहू महाराजांनीं १८९५ सालीं वसविलेली गुळाची पेठ असें आपण म्हणालां, तर उसाचा रस किती वेळ आटवितात, आणि काहील उतरविण्याची नेमकी वेळ गुळव्या कशी ओळखतो?

आमचें आयुष्य या पेठेंत गेलें, पण गुऱ्हाळावर तितका वेळ आम्ही कधीं थांबलों नव्हतों. सौभाग्यवतींचें माहेर उसाच्या मुलखांतलें. तेव्हां स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांस हांक मारावी लागली.