बंद पडलेली नवी मोटार

सन २०१९ च्या जुलै महिन्याच्या २७ व्या तारखेस उल्हास नदीस पूर आला. वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सुमारे १,०५० उतारूंची सुटका करावी लागली. त्याच पुरात बदलापुरातील हेंद्रेपाडा येथे एका बंधूंची चार महिन्यांची मोटार पाण्यात एकाएकी बंद पडली. "गाडी नवी आहे, पुन्हा लावून पाहा," असा सल्ला आम्हीच दिला, ह्याची आम्हांस लाज वाटते. त्यांनी पुनःपुन्हा किल्ली फिरविली आणि इंजिन निकामी झाले. कर्जाचे हप्ते मात्र राहिले.

मिस्त्रीने कारण सांगितले : हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी शिरले असता वर येणारा पिस्टन त्यावर अडतो व त्याचा रॉड वाकतो. तेव्हाच गाडी ढकलीत कोरड्या जागी नेऊन, प्लग काढून पाणी बाहेर काढविले असते, तर इंजिन बहुधा वाचते.

प्रियांनो, अंतःकरणात पाप शिरले असता आपणही नव्या उत्साहाच्या भरवशावर तसेच पुढे रेटतो. बंद पडण्याने जेवढी हानी होते, तीहून अधिक ती न थांबण्याने होते. यास्तव थांबा, आत काय शिरले आहे ते प्रभूसमोर उघडे करा. आणि बंधू अडचणीत असता त्यास घाईचा सल्ला देऊ नका. त्याची गाडी ढकलावयास हात लावा.