वाद्याचा धनी

तंबोऱ्याविषयी कोणी गहिवरून बोलू लागला तर आम्हांस त्यात नवल वाटत नाही. मिरजेच्या कारागिराने पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा पारखून घेतलेला, तो वाळवून, कापून, त्यावर हाताने काम केलेले, आणि पुढे गुरूने तो शिष्याच्या स्वाधीन केलेला. असे वाद्य कोपऱ्यात नुसते उभे असले तरी त्यास नमस्कार करावासा वाटतो. इलेक्ट्रिक गिटारीचे तसे नाही. ती कारखान्यात जन्मली. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य; त्याने 1954 साली जी स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, तिची मान चार स्क्रूंनी धडास जोडलेली असे, ती अशासाठी की मान बिघडली तर ती काढून दुसरी बसवता यावी. धड भरीव लाकडाचे. त्याला पोकळी नाही, त्यामुळे स्वतःचा असा मोठा आवाजही नाही. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेतलेले, वरची तार कापली की त्या वेढ्यांत वीज हलते, आणि दूर ठेवलेली पेटी बोलते. आत्मा वास करील अशी जागा या यंत्रात शोधूनही सापडत नाही. आणि तरीही आपल्या वाद्याची कहाणी सांगताना या गिटारवाल्यांचा कंठ जितका दाटून येतो, तितका आमच्या गवयांचाही क्वचितच येत असेल.

या विषयाकडे आम्ही वळलो ते तत्त्वज्ञानाच्या ओढीने नव्हे. आमच्या एका पुतण्याने पुण्यात एक जुनी गिटार विकत घेतली. विकणाऱ्याने सांगितले की ही 1970 च्या सुमारास मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या ताफ्यात वाजलेली आहे. आणि या वाक्यासाठी पुतण्याने आपल्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक रक्कम मोजली. पुढे एका जाणकाराने मान सोडवून आतला शिक्का दाखविला. गिटार 1990 नंतरची निघाली. पुतण्या चार दिवस जेवणावर रुसल्यासारखा वागत होता. आम्ही वडिलकीच्या अधिकाराने म्हणालो, "अरे, वाद्य तर तेच आहे ना? काल गोड वाजत होते, ते आज का वाजू नये?" त्यावर तो म्हणाला, "तेच कुठं आहे, काका?" त्या वेळी आम्ही हसलो. आता मात्र आम्हांस वाटते की प्रश्न त्याचाच खरा होता आणि आमचे उत्तर पोरकट होते.

कहाणी वस्तूत कोठे असते? लाकडात असती तर ती चाकूने खरवडून काढता आली असती. आणि केवळ मनात असती, तर पुतण्याच्या मनातून ती पुसली गेल्यावर दुसरी कोणतीही तितकीच चांगली कहाणी तेथे लिहिता आली असती. दोन्ही गोष्टी घडत नाहीत.

बी. बी. किंग या अमेरिकन निग्रो गायक-वादकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 1949 च्या हिवाळ्यात अर्कान्सास राज्यातील ट्विस्ट नावाच्या खेड्यात तो एका नाचघरात वाजवीत होता. ऊब यावी म्हणून पिंपात रॉकेल पेटविलेले होते. दोन पुरुष भांडता भांडता त्यावर आदळले, पिंप उलटले आणि घराने पेट घेतला. सर्वांबरोबर किंगही बाहेर पळाला. बाहेर आल्यावर आपली गिटार आत राहिल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि तो जळत्या घरात परत शिरला. जीव वाचला, गिटारही वाचली. भांडण लुसिल नावाच्या एका बाईवरून झाले होते असे त्यास मागाहून कळले. असला मूर्खपणा पुन्हा घडू नये याची आठवण राहावी म्हणून त्याने गिटारीस तेच नाव दिले. पुढे 2015 साली मृत्यू येईपर्यंत त्याच्या हातात अनेक गिटारी येऊन गेल्या, आणि त्या सर्वांचे नाव लुसिलच राहिले. आगीतून वाचलेली ती स्वस्तातली गिटार त्यांपैकी केवळ पहिली. यात किंगने कोणास फसविले असे कोणी म्हणणार नाही. कारण ती कहाणी गिटारीची नव्हतीच. आपण एका क्षणी कसे वागलो याची त्या माणसाने स्वतःस दिलेली ताकीद होती, आणि ताकीद एका लाकडावरून दुसऱ्यावर नेता येते.

मिलिंद राजास नागसेनाने रथाविषयी जो प्रश्न केला तो वाचकांस आठवत असेल: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकाने 1970 साली नॅशव्हिल येथे सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तीन मित्रांस वाटल्या, आणि उरलेल्या तिहींचे उत्तम उत्तम भाग जुळवून एक काळी गिटार सिद्ध केली. तिचे नाव ब्लॅकी. म्हणजे हा रथ आरंभापासूनच तीन रथांचा. अँटिग्वा बेटावरील व्यसनमुक्तीच्या आश्रमासाठी 2004 साली तिचा लिलाव झाला, तेव्हा ती 9,59,500 डॉलरांस गेली. डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान आणि आतील भाग तर इतक्या वेळा बदलले गेले की नागसेनास ती फारच आवडली असती. तीही 2019 साली 39,75,000 डॉलरांस विकली गेली, आणि त्या लिलावाचे सर्व उत्पन्न हवामानबदलाशी झगडणाऱ्या एका संस्थेस मिळाले. दोन्ही विक्रेत्यांचा हेतू चांगला होता, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. आमचा आक्षेप त्यांच्यावर नाही.

आक्षेप आहे तो पुढच्या प्रकारावर. 2006 साली कारखान्याने ब्लॅकीच्या 275 प्रतिकृती काढल्या; किंमत प्रत्येकी 24,000 डॉलर. मूळच्या धन्याच्या हातून लागलेले ओरखडे, त्याने तारांच्या टोकांत खोवून ठेवलेल्या सिगारेटीने पडलेले डाग, सर्व काही हुबेहूब! नवी कोरी वस्तू मुद्दाम झिजवून, रंग उडवून, गंज चढवून विकण्याचा धंदा त्या देशात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून राजरोस चालू आहे, आणि त्यास गिऱ्हाईक चांगले आहे. फसवणूक म्हणावी तर तीही नाही, कारण घेणाऱ्यास सर्व ठाऊक असते. मग आम्हांस त्याचा इतका तिटकारा का यावा? एखाद्याने कधी नांगर न धरता हातांवर घट्टे रंगवून घेतले तर शेतकऱ्यास जसे वाटेल, तसे काहीसे आम्हांस वाटते. झीज ही कोणाच्या तरी आयुष्याची झालेली असते. येथे ती कोणाचीच नाही.

याच्या अगदी उलट टोकास ब्रायन मे याची गिटार आहे. 1963 साली, सोळा वर्षांचा असताना, विकतची गिटार परवडत नाही म्हणून त्याने वडिलांच्या मदतीने घरीच ती घडविण्यास आरंभ केला. सुमारे दोन वर्षे बापलेक खपत होते. मानेसाठी शंभर वर्षांहून जुन्या शेगडीच्या चौकटीचे महोगनीचे लाकूड घेतले. त्यात किडीने पाडलेली भोके काड्यापेटीच्या काड्या ठोकून बुजविली. तारा ताणणाऱ्या यंत्रात जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा बसविल्या. पडद्यांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या आल्या. पुढे तोच मुलगा खगोलशास्त्रातील संशोधन अर्धवट टाकून तीच गिटार घेऊन बाहेर पडला, तेव्हा वडील फार दुखावले आणि बापलेकांत दीर्घकाळ अबोला राहिला. ज्या हातांनी ते वाद्य घडविले, त्याच हातांच्या इच्छेविरुद्ध ते वाजू लागले! वडिलांनी मुलास न्यूयॉर्कच्या भव्य सभागृहात वाजविताना पाहिले तेव्हा कोठे त्यांचे मन निवळले. टाकलेली पदवी मुलाने 2007 साली पुरी केली. तोपर्यंत वडील हयात नव्हते. या गिटारीची प्रतिकृती बाजारात मिळते, आणि ती चांगली वाजते असे म्हणतात. ती घेणाऱ्यास गुंड्या मिळतील; त्या ज्या डब्यातून आल्या तो डबा कसा मिळणार?

एवढ्यावरून आम्हांस असे वाटू लागले आहे की वाद्याची खरी कहाणी म्हणजे बहुधा एक ऋण असते. आईबापांचे, आपल्या तारुण्यातील कष्टांचे, क्वचित आपल्याच एखाद्या चुकीचे. लिलावात वस्तू जाते आणि ऋणाचा कागदही जातो. परंतु ते ऋण जेथल्या तेथेच राहते. आमच्या पुतण्याने जी कहाणी घेतली होती ती खरी असती तरी तिच्यात त्याचे देणे काहीच नव्हते.

हा सिद्धान्त आम्हांस आवडला होता, हे कबूल करतो. परंतु रँडी बाकमन या कॅनडातील वादकाच्या हकीकतीने त्यास अडविले आहे. विनिपेगच्या एका दुकानाच्या खिडकीत टांगलेली 1957 ची नारिंगी ग्रेच गिटार तो कोवळ्या वयापासून पाहत असे. लोकांची हिरवळ कापणे, मोटारी धुणे असली कामे करून जमविलेल्या 400 डॉलरांत त्याने ती घेतली. दौऱ्यावर असताना खाणावळीच्या मोरीतल्या भांड्यास तो ती साखळीने बांधून ठेवी, म्हणजे चोरास आधी भांडे फोडावे लागेल! 1976 साली टोरांटो येथे मात्र ती काही क्षण दुसऱ्याच्या हाती सोपविली गेली, आणि तेवढ्यात नाहीशी झाली. त्यानंतर त्याने ग्रेच गिटारी घेण्याचा सपाटा लावला, शेकडो जमविल्या. एकीनेही ती जागा भरली नाही. अखेर 2020 साली एका चाहत्याने लाकडाच्या नसांतील एका लहानशा काळ्या गाठीवरून, माणसांचे चेहरे ओळखणाऱ्या यांत्रिक युक्तीच्या साहाय्याने, ती जपानात ओळखून काढली. ताकेशी नावाच्या एका जपानी वादकाने ती 2014 साली टोकियोच्या दुकानात रीतसर विकत घेतली होती. ती चोरीची आहे याची त्यास वार्ताही नव्हती. पहिल्यांदा हातात घेताच ही आपल्या नशिबातच होती असे त्यास वाटले होते.

आता धनी कोण? कायद्याने काय सांगितले असते तो वाद आम्ही वकिलांवर सोपवितो. ताकेशीने एवढेच म्हटले की मला हिच्यासारखीच दुसरी द्या. बाकमनने शोध करून त्याच आठवड्यात घडलेली, क्रमांकाने अगदी जवळची जुळी बहीण मिळविली, आणि 1 जुलै 2022 रोजी टोकियोतील कॅनडाच्या वकिलातीत अदलाबदल झाली. सर्वांस आनंद झाला. दोघांनी एकत्र वादनही केले.

आम्हांस मात्र ताकेशीची आठवण सुटत नाही. जुळी बहीण बाकमनला चालली नसती. मग ती ताकेशीला कशी चालावी असे जगाने गृहीत धरले? त्याचे 8 वर्षांचे प्रेम बदलीत देता येते आणि बाकमनचे 46 वर्षांचे दुःख देता येत नाही, हे कोणत्या तराजूने ठरले? आमच्या सिद्धान्ताप्रमाणे ऋण बाकमनचे होते, म्हणून वाद्य त्याचे. ठीक. परंतु ज्याच्यावर काही देणे नव्हते, त्यानेच सर्वांत मोठी वस्तू उचलून दिली, हे आमच्या हिशेबात कोठे बसवावे? आम्ही अनेक वेळा प्रयत्न केला. ते बसत नाही.

पीटर ग्रीन याची 1959 ची लेस पॉल गिटारही येथे आठवते. तिच्यातला एक चुंबक उलटा असल्यामुळे तिचा आवाज किंचित नाकातून आल्यासारखा. आणि त्या दोषावरच जग लुब्ध. ग्रीनने ती गॅरी मूर या तरुणास देऊ केली, तेव्हा किंमत सांगितली ती अशी: तुझी स्वतःची गिटार विकून जे येईल ते दे. किमतीपेक्षा तिला चांगले घर मिळावे हीच त्याची इच्छा होती. मूरने तिच्यावरच एक सबंध ध्वनिमुद्रिका करून 1995 साली ग्रीनला अर्पण केली. 2014 पासून ती कर्क हॅमेट याजकडे आहे, आणि तो तिला पेटीत बंद न ठेवता रंगमंचावर वाजवितो, हे ऐकून आम्हांस बरे वाटले.

गेल्या महिन्यात पुतण्यास परगावी नोकरी लागली आणि त्याने आपली गिटार विकावयास काढली. घेणारा एक विद्यार्थी होता. पुतण्याने फोनवर विचारले, "काका, तो विचारतोय, हिची काही गोष्ट आहे का म्हणून. काय सांगू?" या खेपेस आम्ही उपदेश केला नाही. त्याने सर्व सांगितले असे मागाहून कळले: ताफ्याची थाप, आतला शिक्का, ते चार दिवस, आणि नंतरची सहा वर्षे तिच्यावर रोज रात्री केलेला अभ्यास. विद्यार्थ्याने किंमत पाडून मागितली आणि पुतण्याने ती कबूल केली. निम्मे पैसे रोख मिळाले. दुसरा हप्ता अद्याप यावयाचा आहे. पुतण्याने त्याची आठवण केलेली नाही, आणि आम्हीही करू नकोस असे त्यास सांगितले आहे.