हात ढिला करून पाहावे

शंका अशी आहे : जे वाकडेपण आपल्याला जाणवतच नाही, त्याचा दोष आपल्याकडे येतो काय? नकळत घडले ते घडलेच नाही, असे म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. या शंकेचा विचार आम्ही येथे एका जुन्या जीपच्या चाकांवरून करणार आहोत. बुवांना गॅरेजातले काय कळते, असे वाचकांनी म्हणू नये. दिंडीत चालणाऱ्याला सामानाच्या गाडीची किंमत चांगली ठाऊक असते.

पुष्कळ दिंड्यांकडे अशी एखादी वीस-पंचवीस वर्षांची जीप नाहीतर टेम्पो असतो. राहुट्या, भांडी, शिधा, पाण्याची पिंपे आणि पाय थकलेले दोन-चार म्हातारे वारकरी, एवढा भार घेऊन ती मुक्कामाच्या गावी पुढे जाते. चालक जुना, गाडी जुनी. दोघांचे चांगले जमलेले. गाडी थोडी डावीकडे ओढते, म्हणून तो स्टीअरिंग थोडे उजवीकडे धरतो. पहिला महिनाभर हे त्याला कळत असते, वर्षाने कळेनासे होते. विचारले तर तो शपथेवर सांगेल, "महाराज, गाडी अगदी नाकासमोर चालते." तो खोटे बोलत नाही. हाताला सवय लागली आणि सवयीने दोष झाकला, एवढेच.

मग दोष आहे हे कळावे कसे? न्यायशास्त्राच्या पाठशाळेत पहिल्याच दिवसांत धुराचा दृष्टांत देतात. अग्नी दिसत नाही, पण डोंगरावर धूर दिसतो. त्यावरून अग्नीचे अनुमान करावयाचे. गाडीच्या बाबतीत टायर हा धूर होय. चाक आत किंवा बाहेर कलले असेल, तर टायरची एकच कड झिजते. कलण्याच्या या मापाला कॅम्बर म्हणतात. पुढची दोन चाके वरून पाहता एकमेकांकडे वा एकमेकांपासून नको तितकी वळलेली असतील, तर टायर नुसता फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात थोडा आडवा घासला जातो. अशा टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने तो गुळगुळीत लागतो, उलट फिरवला की करवतीच्या दात्यांसारखा बोचतो. चालकाला जे जाणवले नाही ते रबरावर लिहून ठेवलेले असते.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या जीपची पुढची चाके उभ्या गाडीत अगदी समांतर ठेवीत नाहीत. पुढच्या बाजूचे अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी, एखाद-दोन मिलिमीटर, ठेवतात. याला टो-इन म्हणतात. गाडी धावू लागली की रस्त्याच्या विरोधाने चाके बाहेर फाकू पाहतात आणि सांध्यांतील सैलपणाने थोडी फाकतातही. मग ती सरळ येतात. घरी पाळलेल्या नेमाचे असेच असते. निवांतपणी थोडे अधिक आवळून धरावे, म्हणजे बाजाराच्या ओढीत माणूस सरळ राहतो.

आता कोणी म्हणेल, "अहो, गाडीचा दोष कशावरून? रस्ताच उतरता असतो." आक्षेप खोटा नाही. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधतात. आपण डावीकडून चालतो, तेव्हा गाडी थोडी डाव्या कडेकडे जाणारच. म्हणून तर परीक्षा सपाट, रिकाम्या रस्त्यावर करावयाची. आधी दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा सारखी आहे ना, एखादे ब्रेक धरून राहत नाही ना, हे पाहावे. मग हळू वेगात स्टीअरिंगवरचा हात ढिला करावा. ढिला म्हणतो आम्ही, सोडावा असे नव्हे. गाडी कोणीकडे जाऊ पाहते ते लगेच कळते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. जुन्या गाडीवर पैसा कशाला घालावा? एका मिस्त्रीला आम्ही हेच विचारले. तो म्हणाला, "महाराज, यंत्रावर चढवून आकडे मी आत्ता बरोबर करून देईन. पण टाय रॉडचे सांधे ढिले, किंगपिन झिजलेल्या, एक पाटा खचलेला. पहिल्याच खड्ड्यात आकडे पुन्हा जातील. आधी ढिलाई काढू, मग माप घेऊ." हे बोलणे आम्हाला फार पटले. या जीपला पुढे अखंड आस असतो. तेथे टाय रॉड फिरवून टो तेवढा सहज जुळतो, बाकीची मापे आस आणि पाटे धड असतील तरच बरोबर येतात. आस वाकलेला असेल तर नुसत्या टाय रॉडने तो सरळ होत नाही. सांधे खिळखिळे ठेवून केलेले अलाइनमेंट म्हणजे वर्तन तेच ठेवून घेतलेले प्रायश्चित्त. पावती मिळते, चाल सुधारत नाही.

आणि खर्चाचे म्हणाल तर झिजणारा टायरही फुकट येत नाही. दिंडीच्या गाडीचा टायर म्हणजे वर्गणी देणाऱ्यांचे पैसे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रस्त्याने चालणारी माणसे. गाडीची दिशा एक अंशाने चुकली, तर शंभर मीटरांत ती पावणेदोन मीटर बाजूला जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाने शंभर मीटर जावयास नऊ सेकंद लागतात. दिवे घाटात भरलेली गाडी, कडेला डोक्यावर तुळस घेतलेली बाई, आणि चालकाचा हात शिंक आली म्हणून क्षणभर सुटलेला. जो हात वर्षभर दोष झाकीत होता, तो नेमका तेव्हा जागेवर नसतो.

म्हणून शंकेचे समाधान असे. न जाणवणे हा दोष नव्हे. खूण समोर असता तिकडे न पाहणे हा दोष होय. अज्ञान वेगळे, उपेक्षा वेगळी. घरातही हेच घडते. कर्त्या माणसाचा स्वभाव एका बाजूला ओढणारा असतो. बायको, सून, धाकटा भाऊ सगळे त्याला सांभाळून घेतात, आणि तो समजतो की आपण सरळ चाललो आहोत. सुनेचे बोलणे कमी झाले, मुलगा कामापुरताच समोर येऊ लागला, तर या झिजलेल्या कडा होत. त्यांच्यावरून एकदा हात फिरवून पाहावा. आपण सरळ आहोत काय, हे आपल्या मनाला विचारू नये. त्याला सवय झालेली असते. आपल्यामुळे कोण झिजते आहे, ते पाहावे.

आणि एकदा जुळवले म्हणजे जन्माचे जुळले, असेही नाही. खड्डे आहेत तोवर चाके सरकणारच. आषाढीला निघण्यापूर्वी गाडी दाखवून घ्यावी, कार्तिकीपूर्वी पुन्हा घ्यावी; आणि मिस्त्री म्हणाला की आता आस बदलल्यावाचून गत्यंतर नाही, तर त्याच्याशी वाद न घालता तेवढे दिवस माणसे दुसऱ्या गाडीत बसवावी. इत्यलम्.