जथ्यात कोण नाही?

(पवित्र कुटुंबाचा सण – लूक २:४१-५२)



नाताळनंतरच्या रविवारी ख्रिस्तसभा पवित्र कुटुंबाचा सण साजरा करते. १९२१ साली पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी हा सण सबंध ख्रिस्तसभेला लागू केला. तेव्हा तो प्रकटीकरणाच्या सणानंतर येत असे. १९६९ साली उपासनेचे पंचांग नव्याने आखले गेले आणि हा सण नाताळच्या आठवड्यात आला. ही जागा त्याला शोभते. कारण याच आठवड्यात आपली घरे माणसांनी भरलेली असतात. करंज्यांचे डबे अजून रिकामे झालेले नसतात. बोरिवली-विरारच्या फ्लॅटमध्ये राहणारा धाकटा भाऊ मुलांना घेऊन जुन्या घरी आलेला असतो, आखातातून भाचा सुट्टीवर आलेला असतो आणि आजीच्या खाटेभोवती नातवंडांचा गोंगाट चाललेला असतो.

पवित्र कुटुंब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तिघेच येतात : येशू, मरिया आणि योसेफ. पण शुभवर्तमानातले हे कुटुंब तिघांचेच नव्हते. पवित्र मरिया आपल्या वयस्कर नातलगीण एलिझाबेथच्या घरी जाऊन सुमारे तीन महिने राहिली. येशू बारा वर्षांचा असताना वल्हांडण सणासाठी सारे यरुशलेमला गेले, तेही नातलग आणि ओळखीपाळखीच्या लोकांबरोबर. परतताना मुलगा मागे राहिला. ‘असेल काका-मामांबरोबर’ अशा समजुतीने आईवडील दिवसभर चालत राहिले. मोत माउलीच्या जत्रेला चार घरांनी मिळून गेल्यावर आपण मुलांविषयी असेच निर्धास्त असतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबावरील ‘अमोरिस लेतित्सिया’ या आपल्या पत्रात याच प्रसंगाकडे लक्ष वेधले आहे. येशू चार भिंतींत कोंडलेल्या घरात नव्हे, तर मोठ्या गोतावळ्यात वाढला, असे ते सांगतात.

नातलगांवरचा हा विश्वास ही मोठी देणगी आहे. पण गोष्ट तेथे संपत नाही. संध्याकाळ झाली, जथा थांबला आणि मरिया-योसेफ मुलाला शोधू लागले. तो सापडेना. मग ते पुढे गेले नाहीत. चालून आलेली वाट पुन्हा चालत ते यरुशलेमला परतले. एक माणूस कमी आहे एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

प्रिय जनहो, नाताळच्या जेवणाला आपली पंगत बसली तेव्हा आपण डोकी मोजली का? कोणाची जागा रिकामी होती?

आपल्या वसई परिसरात याचे उत्तर बहुतेक घरांना ठाऊक आहे. एकेकाळी एका अंगणात सारे भाऊ नांदत. केळीची बागायत एक, विहीर एक, चूल एक. पुढे जमिनींना भाव आले. वाटणीची बोलणी सुरू झाली आणि कोठेतरी शब्दाला शब्द लागला. आज त्या अंगणात मधोमध भिंत आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तारा लागतात, दोन गोठे सजतात, दोन्ही गोठ्यांत तोच बाळ येशू निजतो. पण काकांच्या घरातून फराळाचे ताट पुतण्याच्या घरी जात नाही. मध्यरात्रीच्या मिस्साला दोघे एकाच मंदिरात येतात आणि शांतीच्या अभिवादनाच्या वेळी एकमेकांची नजर टाळतात.

जमिनीचा तंटा काही नवा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात काका आब्राहाम आणि पुतण्या लोट यांच्या गुराख्यांत चराईवरून भांडण जुंपले. आब्राहाम वयाने आणि मानाने मोठा. तरी त्याने आधी लोटाला हवी ती जमीन निवडू दिली. लोटाने पाण्याची, हिरवी बाजू घेतली. त्यात आब्राहामाचे काही कमी झाले नाही. देवाचे वचन त्याच्यापाशीच राहिले. पुढे लोट संकटात सापडला तेव्हा त्याला सोडवायला धावून गेला तो हाच काका. वाटणी झाली होती, नाते तुटले नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. क्षमा करणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. कोणाचा हक्क डावलला गेला असेल, विधवा भावजयीला तिचा वाटा मिळाला नसेल, तर तो मागणे हे पाप नाही. जेथे मारहाण वा छळ झाला आहे तेथे दूर राहणेही शहाणपणाचे असते. पण कोर्टातला दावा कोर्टात चालू राहून अंगणातले बोलणे सुरू होऊ शकते. निकाल लागेपर्यंत वीस वर्षे जातात. तोवर भाऊ म्हातारे होतात आणि मुलांना आपल्या चुलत भावंडांची नावेही माहीत नसतात.

रिकामी जागा केवळ भांडणाने होते असे नाही. दारू पिऊन तमाशा करतो म्हणून ज्याला बोलावले नाही तो मामा, घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली मुलगी, इस्पितळात नाताळच्या रात्री ड्युटीवर असलेली नर्स सून. आणि काही जण घरात असूनही पंगतीत नसतात. वीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या काकी आणि सुना सर्वांत शेवटी, गार झालेले जेवतात. त्यांचा नाताळ चुलीपाशीच सरतो.

सण अजून संपलेला नाही. नववर्षापर्यंत तीन गोष्टी आपण करू शकतो.

१. आज संध्याकाळच्या जपमाळेत, जो आपल्यात नाही त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. नाव मोठ्याने घ्या, मुलांना ऐकू द्या.

२. फराळाचे एक ताट भिंतीपलीकडे पाठवा. शक्यतो मुलांच्या हाती नको. स्वतः घेऊन जा. ताट परत आले तरी वाईट वाटून घेऊ नका. मरिया-योसेफांनाही मुलगा पहिल्या दिवशी सापडला नाही. तिसऱ्या दिवशी सापडला.

३. पुढचे जेवण पुरुषांनी वाढावे आणि घरातील स्त्रियांना पहिल्या पंगतीला बसवावे.

मागे फिरणे सोपे नसते. पुढे गेलेली पावले वाया गेली असे वाटते, जथ्यातले लोक काय म्हणतील असेही वाटते. पण मरिया आणि योसेफ मागे फिरले म्हणूनच त्यांना येशू भेटला. कदाचित आपल्यालाही तो ज्या घराचे दार आपण बंद केले त्याच घरी भेटेल.

हे प्रभो येशू, तू नातलगांच्या मेळ्यात वाढलास. आमच्या घरातून जे दुरावले त्यांच्याकडे जाण्यासाठी पहिले पाऊल टाकण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.